सगळ्यात लहान गठ्ठा

पाणीपुरवठा खात्याच्या सर्व्हरने एका सकाळी नवीन फाईल घ्यायला साफ नकार दिला. जागा संपली होती असं नाही. जागा भरपूर होती. पण फायलींची संख्या इतकी झाली होती, की आणखी एका फाईलचं नाव टिपून ठेवायला सर्व्हरकडे खणच उरला नव्हता. म्हणजे घर रिकामं आणि दारावर पाट्यांची इतकी गर्दी की आत शिरता येत नाही.

दोष होता नोंदींच्या प्रोग्रामचा, आणि तो लिहिणारा गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून मधमाश्या पाळायला गेला होता. या प्रोग्रामला प्रत्येक नोंद वेगळ्या फाईलमध्ये ठेवायची खोड होती. पंपवाल्याने तासाची नोंद केली, एक फाईल. लॅबवाल्या ताईंनी पाणी तपासलं, एक फाईल. तलावाच्या भिंतीवरच्या केबिनमधून कुणी नुसतं ‘ठीक’ टाईप केलं, तरी त्या एका शब्दाला स्वतंत्र फाईल, स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र तारीख. एवढा मान खात्यात जिवंत माणसांनाही मिळत नव्हता.

हे निस्तरायचं काम कॉम्प्युटर विभागाकडे आलं. कॉम्प्युटर विभाग म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि पंख्याखाली बसणारा एक तरुण. त्याला सगळे पिळ्या म्हणू लागले ते या कामानंतर. आधी त्याला कुणी हाकच मारत नव्हतं.

पिळ्याने आधी सगळ्या फायली एका दमात गोळा करायचा हुकूम मशीनला दिला. मशीनने कळवलं, यादी फार लांब आहे. पिळ्याने राग मानला नाही. रविवारी बायको कामं सांगायला लागली की तोही हेच म्हणायचा, फक्त मनातल्या मनात. मग त्याने एक स्क्रिप्ट लिहिली. हजार फायली उचल, त्यांचा गठ्ठा बांध, गठ्ठा पिळून लहान कर, मग तो उघडून आत हजारच आहेत का ते मोज, आणि मोजणी जुळली तरच मूळ फायली पूस. मग जरा थांब, मशीनला दम खाऊ दे, आणि पुढचे हजार घे. स्क्रिप्ट पानभराचीसुद्धा नव्हती, पण पिळ्याला तिच्याकडे बघताना पहिलं मूल झाल्यासारखं वाटत होतं. मूल अजून झालं नव्हतं, त्यामुळे ताडून बघायची सोय नव्हती.

दुपारपर्यंत गठ्ठ्यांवर गठ्ठे पडू लागले. एकेका जागेचं फोल्डर संपलं की स्क्रिप्ट एक ओळ छापायची: आधी एवढं होतं, आता एवढं झालं. पंपांचं फोल्डर निम्म्यावर आलं. लॅबचं तिसऱ्या हिश्श्यावर आलं. आणि भिंतीचं फोल्डर जवळजवळ नाहीसंच झालं.

पिळ्याने चष्मा पुसला, गठ्ठा उघडून आत डोकावलं. सगळं जागच्या जागी होतं. ठीक, ठीक, ठीक, ठीक. एके ठिकाणी ‘ठीक. पाऊस.’ आणि पुढे पुन्हा वर्षानुवर्षं ठीक. फाईल पिळण्याचं तत्त्व तसं साधं असतं: जे एकदा सांगितलं ते पुन्हा सांगायचं नाही, ‘वर पाहा’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. भिंतीच्या नोंदींत पहिल्या नोंदीनंतर सगळंच वर पाहा होतं.

इतका सुंदर निकाल आयुष्यात पुन्हा मिळणार नाही हे पिळ्याला कळलं, आणि तो कागद हातात घेऊन थेट मोठ्या बाईंच्या खोलीत घुसला. मोठ्या बाई म्हणजे खात्याच्या प्रमुख. त्यांची उंची बेताचीच होती.

“बाई, एक गंमत बघा.”

“कामाच्या वेळेत?”

“कामाचीच आहे. हे फोल्डर बघा. एवढं होतं. आता बघा!”

बाईंनी बघितलं. “हे कुणाचं?”

“भिंतीचं!” पिळ्या छाती फुगवून म्हणाला.

“भिंतीवर कोण असतं?”

पिळ्याची छाती होती तिथे परत आली. “आमचे सासरे,” तो म्हणाला.

“म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी इतक्या वर्षांत जे काही केलं,” बाईंनी दोन बोटं जवळ आणून दाखवली, “ते एवढ्यात मावलं.”

आता यात मोठ्या बाईंचंही चुकलं असं नाही. त्यांना त्याच सकाळी वरून हुकूम आला होता की महिनाअखेर खात्यातली एक जागा बंद करा, आणि कुठली ते निःपक्षपातीपणे ठरवा. निःपक्षपातीपणा कुठून आणायचा या विवंचनेत त्या होत्या, आणि तो पिळ्याने स्वतःच्या पायांनी चालत आणून टेबलावर ठेवला. संध्याकाळी फळ्यावर नोटीस लागली. चालू महिन्यात प्रत्येक जागेवरून येणाऱ्या नोंदींचा गठ्ठा महिनाअखेर बाईंच्या समोर बांधला जाईल. ज्या जागेचा गठ्ठा सगळ्यात लहान, ती जागा बंद. तिथल्या माणसाला तक्रार खिडकीवर बसवण्यात येईल.

तक्रार खिडकी ही खात्याच्या तळमजल्यावरची एक चौकोनी भोकाची खोली होती. तिथे बसणाऱ्या बाईंचा घसा बसला होता, आणि डॉक्टरांनी त्यांना बोलायची बंदी केली होती. ऐकायची बंदी त्यांनी स्वतःच स्वतःला केली होती. महिन्याच्या सुरुवातीपासून खिडकी बंद होती.

पिळ्या घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

“माझ्या बापाला पिळलंस?” बायकोने दारातच विचारलं.

“अगं, फोल्डरला.”

“फोल्डर कुणाचं?”

“बाबांचं.”

“मग?”

पिळ्याने चप्पल काढली. त्याला वाटलं चप्पल काढताना काहीतरी सुचेल. सुचलं नाही.

“बाबा दिवसाला दहा शब्द बोलतात,” बायको म्हणाली. “त्यातले चार आईला, ‘आलो’ आणि ‘जेवलो’ धरून. त्यांना खिडकीवर बसवणार? दिवसभर माणसं अंगावर येणार, ओरडणार, आणि त्यांनी बसून ऐकायचं? महिन्याभरात संपतील ते. तुझीच स्क्रिप्ट आहे ना? बदल एखादी ओळ.”

“गठ्ठा बाईंसमोर बांधायचाय. आणि स्क्रिप्ट खोटं बोलत नाही गं.”

“ती नको बोलू दे. तू बोल.”

पिळ्याने एकदा तसा प्रयत्नही केला. स्क्रिप्ट उघडून बसला, एक ओळ लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. शेवटी फायली मोजायचा भाग आणखी काटेकोर करून उठला. काही माणसांना नीट वाईटही वागता येत नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या खोलीत पंपवाल्याने त्याचा खांदा धरला.

“काय रे पिळ्या, गठ्ठा मोठा राहायचा तर करायचं काय?”

पिळ्याने भाबडेपणाने सांगून टाकलं. लांबी महत्त्वाची नाही. तेच तेच लिहिलं की पिळलं जातं. नवीन लिहा, वेगळं लिहा, एकदा वापरलेला शब्द परत वापरू नका.

हे ऐकून खात्यात साहित्याचा उगम झाला. पंपवाला आजवर ‘पंप चालू, आवाज येतो’ एवढंच लिहायचा. आता त्याने लायब्ररीतून शब्दकोश आणला आणि पंपाशेजारी तेलाच्या डब्यावर ठेवला. ‘पहाटे यंत्राने घशात गुळणी केल्यागत खाकरून धिम्या लयीत उपसा आरंभला,’ अशी नोंद आली. पुढच्या तासाला यंत्र कण्हलं, मग फुरफुरलं, मग त्याने उसासा टाकला. लॅबवाल्या ताई आदल्या महिन्यापर्यंत ‘पाणी स्वच्छ’ लिहीत. त्यांनी नितळ, निर्मळ, पारदर्शक, आरस्पानी हे सगळं पहिल्याच आठवड्यात संपवलं आणि मग पाण्याच्या स्वभावाकडे वळल्या. ‘आजचा नमुना मोकळ्या मनाचा’ असं त्यांनी लिहिलं तेव्हा पंपवाल्याने दोन दिवस अबोला धरला.

“‘घुरघुर’ मी आधी वापरलंय का रे?” तो पिळ्याला फोन करून विचारायचा.

“मंगळवारी.”

“आणि ‘गुरगुर’?”

“ते ताईंनी घेतलंय. त्यांच्या फ्रिजला.”

भिंतीवरून मात्र तासातासाला फक्त ठीक येत होतं.

शेवटी पिळ्या आणि बायको दोघंही भिंतीवर गेली. तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दगडी भिंत, तिच्या मधोमध केबिन, केबिनमध्ये एक खुर्ची, एक कॉम्प्युटर आणि सासरे. तासातासाला ते उठायचे, भिंतीवरून या टोकाला जायचे, त्या टोकाला जायचे, वाकून खाली बघायचे, परत यायचे आणि एक शब्द लिहायचे.

“बाबा, जरा वेगळं लिहा,” मुलगी म्हणाली.

“भिंत वेगळी नाही.”

“खोटं नका लिहू. वर्णन करा. कशी दिसते, कशी वाटते.”

“ठीक वाटते.”

“बाबा, खिडकीवर एका दिवसात किती माणसं येतात ठाऊक आहे?” मुलगी खाली बसली आणि सांगू लागली. ती एकेक प्रकार सांगत होती, मोठ्याने बोलणारे, रडणारे, वशिल्याची नावं सांगणारे, पुन्हा पहिल्यापासून सांगणारे. सासऱ्यांचा चेहरा हळूहळू भिंतीच्या रंगाचा झाला.

“जावईबापू,” ते पिळ्याला म्हणाले, “तडा नाही, ओल नाही, फुगवटा नाही, असं लिहिलं तर?”

“दुसऱ्या दिवसापासून ते वर पाहा होईल, बाबा.”

सासऱ्यांनी मान हलवली. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. लहानपणी तिने कसलाही हट्ट धरला तरी त्यांच्याकडून नाही म्हणणं झालं नव्हतं, कारण ‘नाही’ म्हणायलाही एक शब्द खर्च होतो.

त्या संध्याकाळी भिंतीवरून पहिल्यांदाच लांब फाईल आली. ‘भिंत आज पूर्वेकडे तोंड करून बसली आहे.’ दुसऱ्या दिवशी, ‘मधल्या भागाला उन्हाचा कंटाळा आलेला दिसतो.’ मग, ‘उजव्या टोकाला एकटं वाटत असावं.’ सासरे इतकी वर्षं जे बोलले नव्हते ते सगळं भिंतीच्या नावावर खपत होतं. पिळ्याने गठ्ठा बांधून पाहिला, तो चक्क लॅबच्या पुढे गेला होता. बायकोने त्या दिवशी त्याच्याशी नीट संभाषण केलं.

इथे एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. आजवर या नोंदी कुणी वाचत नव्हतं. आता मोठ्या बाई वाचायला लागल्या होत्या. सकाळचा चहा आणि नोंदी, असा त्यांचा परिपाठच पडला. पंपाचं पुढे काय झालं या उत्सुकतेने त्या वेळेआधी ऑफिसात येत. आणि एका सकाळी त्यांनी घोट घेता घेता भिंतीची ताजी नोंद उघडली. ‘खालच्या दगडाने कूस बदलली असावी.’

बाईंनी कप खाली ठेवला आणि भोंगा वाजवला.

तो भोंगा आजवर फक्त चाचणीपुरता वाजवला गेला होता, दुपारी ठरलेल्या वेळी. त्यामुळे पहिल्या भोंग्याला लोकांनी आपापली घड्याळं पुढे करून घेतली. दुसऱ्या भोंग्याला मात्र पळापळ झाली. तलावाखालचा रस्ता बंद केला. भिंतीवरचा भार कमी व्हावा म्हणून पाणी सोडून दिलं. मुख्य झडप बंद केली, आणि सगळ्या शहराचे नळ एकदम खाकरले, उसासा टाकला आणि गप्प झाले. पंपवाल्याने ते सगळे शब्द आधीच वापरलेले होते, त्यामुळे त्याला काही लिहिता आलं नाही.

पिळ्या धापा टाकत भिंतीवर पोचला तेव्हा मोठ्या बाई केबिनबाहेर उभ्या होत्या, सासरे खुर्चीशेजारी उभे होते, आणि एक इंजिनियर दोर बांधून भिंतीखाली लोंबकळत होता. बऱ्याच वेळाने तो वर आला.

“भिंत उत्तम आहे,” तो म्हणाला. “इतकी शहाणी भिंत मी पुस्तकातसुद्धा बघितलेली नाही.”

“मग कूस कुणी बदलली?” बाईंनी सासऱ्यांकडे वळून विचारलं.

“कुणी नाही.”

“मग लिहिलंत का?”

सासरे पाण्याकडे बघत राहिले.   पिळ्याला दिसत होतं की हा माणूस आत्ता मुलीचं नाव सांगणार नाही, जावयाचं सांगणार नाही, आणि स्वतःचं सांगायला त्याच्याकडे शब्द उरलेले नाहीत.

“बाई, दोष माझा आहे,” पिळ्या म्हणाला. “गठ्ठा लहान झाला म्हणजे काम झालं नाही, असा त्याचा अर्थच नव्हता. गठ्ठा लहान झाला, कारण इथे काही घडलं नाही. भिंतीवर काही घडलं नाही ही चांगली गोष्ट आहे. मी ते तेव्हाच सांगायला हवं होतं. मी शायनिंग मारत होतो.”

बाई सासऱ्यांकडून पिळ्याकडे वळल्या. “म्हणजे जिथे काही घडू नये म्हणून माणूस ठेवलाय, तिथे काही घडत नाही म्हणून मी माणूस काढणार होते.”

“हो.”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

“सगळे लिहिण्यात गुंतले होते, बाई.”

“मग आता तो हुकूम मागे घ्या ना,” पिळ्याच पुढे म्हणाला.

“तो मागे घ्यायला वरची सही लागते. आणि वरच्यांच्या नळाला आज पाणी नाही. मी आज त्यांना फोन करणार नाही. उद्याही नाही.” बाईंनी खाली शहराकडे बघितलं. खात्याच्या दारात आत्ताच रांग लागली होती आणि तिचं शेपूट रस्त्यावर आलं होतं. “आधी ती तक्रार खिडकी उघडावी लागेल. कोण बसणार?”

“मी बसतो,” पिळ्या म्हणाला.

“मी,” सासरे म्हणाले.

“बाबा, नको. मी बसतो ना.”

“नळ माझ्यामुळे कोरडे पडले, जावईबापू. तुमच्यामुळे नाही.” स्वतःबद्दल त्यांच्या तोंडून पिळ्याने ऐकलेलं हे सगळ्यात लांब भाषण होतं.

आणि सासरे खिडकीवर बसले. पिळ्या मशीन सांभाळायच्या निमित्ताने त्यांच्या मागे स्टूल घेऊन बसला. रांगेत पहिला माणूस अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत टॉवेल गुंडाळून आला होता आणि डोळे मिटूनच बोलत होता. सासऱ्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि टाईप केलं: पाणी नाही. मग केसांना रंग लावलेली एक बाई आली. तिचा रंग धुवायची वेळ टळून गेली होती आणि ती रंग सांगत नव्हती, दाखवत होती. सासऱ्यांनी टाईप केलं: पाणी नाही. एका न्हाव्याने खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एका आजोबांनी त्यांच्या काळातल्या पाण्याच्या दाबाबद्दल सांगितलं. सासरे एकालाही मध्ये तोडत नव्हते. खांदे आवळून, दोन्ही हात मांडीखाली घेऊन ते ऐकायचे, बोलणाऱ्याचं संपलं की हात बाहेर काढायचे, दोन शब्द टाईप करायचे आणि हात परत मांडीखाली.

“सगळं लिहिलंत ना?” लोक विचारायचे.

“सगळं.”

लोक निवांत होऊन जायचे. आपलं म्हणणं शेवटपर्यंत कुणी ऐकलंय असं त्यांच्या बाबतीत बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. संध्याकाळी सासऱ्यांचा हात धरून पिळ्याने त्यांना घरी नेलं. ते जेवले नाहीत, आणि ‘जेवलो’ म्हणायचं वाचलं म्हणून सासूबाईंना आणखीच काळजी वाटली.

नळाला पाणी आलं, पण आधी गढूळ आलं, मग हवाच आली, मग एका बाजूला आलं आणि दुसऱ्या बाजूचं गेलं. रांग काही हटेना. महिनाअखेरपर्यंत सासरे खिडकीवर बसले. बायको रोज रात्रीच्या जेवणाला पिळ्याला एकच विचारायची, “किती दिवस?” आणि पिळ्या भात कालवत बसायचा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सगळे मोठ्या बाईंच्या खोलीत जमले. पिळ्याने स्क्रिप्ट चालू केली. हजार, थांब, हजार, थांब. पंपाचा गठ्ठा पडद्यावर आला तेव्हा खोलीत कुजबुज झाली. तो जवळजवळ पिळलाच गेला नव्हता. पंपवाल्याने एकही शब्द दोनदा वापरला नव्हता, आणि शब्दकोश संपल्यावर त्याने स्वतःच्या घरी शब्द बनवायला सुरुवात केली होती. लॅबचा गठ्ठा मोठा. भिंतीचा, कूस बदलेपर्यंतचा, पुरेसा मोठा. मग शेवटची ओळ आली आणि पिळ्याने चष्मा काढला. एवढा लहान गठ्ठा त्याने जन्मात पाहिला नव्हता.

“हा कुणाचा?” बाईंनी विचारलं.

“तक्रार खिडकीचा.”

बाईंनी स्वतःचाच हुकूम काढून मोठ्याने वाचला. “ज्या जागेचा गठ्ठा सगळ्यात लहान, ती जागा बंद. म्हणजे खिडकी बंद.” त्या पुढे वाचू लागल्या. “तिथल्या माणसाला तक्रार खिडकीवर बसवण्यात येईल.” त्यांनी कागद उलटून पाहिला.

“खिडकी बंद झाली तर खिडकीवर कसं बसवणार?” लॅबवाल्या ताई म्हणाल्या.

“नाही बसवता येणार. त्यांना मूळ जागी पाठवावं लागेल. भिंतीवर.” बाईंनी सही केली. पेन खाली ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं का, यावर पुढे खात्यात दोन तट पडले.

“आणि लोकांनी तक्रार कुठे करायची?” पंपवाला म्हणाला. त्याला या महिन्याकडून निदान एखादा पुरस्कार हवा होता.

“तसं लेखी द्या.”

“कुठे?”

कुणालाच उत्तर आलं नाही, म्हणून बैठक संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पिळ्याला उठवून चहा दिला, हे तिने लग्नानंतर दुसऱ्यांदा केलं होतं. “एवढं विचारून ये,” ती म्हणाली. “बाबांनी ते मुद्दाम केलं का?”

पिळ्या भिंतीवर गेला. सासरे या टोकावरून त्या टोकाला चालले होते. तो शेजारून चालू लागला. मधे त्यांनी वाकून खाली बघितलं, पिळ्यानेही बघितलं.

“बाबा, खिडकीवर तुम्ही मुद्दाम तेवढंच लिहीत होतात का?”

“लोक दुसरं काही सांगत होते का?”

पिळ्याने आठवून पाहिलं. “तो एक माणूस होता की. दुपारभर शेजाऱ्याबद्दल बोलत होता.”

सासरे दोन पावलं चालले.

“शेजाऱ्याकडेही पाणी नव्हतं,” ते म्हणाले.